वाचकांचे प्रश्न : जावळाचा नवस आणि केमोचे दिवस

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच आहे : लहान मुलाचा कर्करोग आणि त्या काळातील घरची श्रद्धा. नावे आणि गावे वगळून, थोडा संक्षेप करून ती येथे छापत आहोत. उत्तर देणाऱ्या ताईंनी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून दीर्घकाळ काम केले आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. आमचा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे. लग्नानंतर नऊ वर्षांनी तो झाला. सासूबाईंनी जेजुरीच्या खंडोबाला नवस बोलला होता की, मुलगा झाला तर पाच वर्षे त्याच्या केसांना कात्री लावणार नाही, जावळ गडावर नेऊन काढू आणि गावजेवण घालू. दिवाळीनंतर त्याला सारखा ताप येऊ लागला, पायांवर काळेनिळे डाग दिसू लागले आणि पाय दुखतात म्हणून तो रात्री रडू लागला. तपासणीत अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, निघाला. सध्या मुंबईत परळच्या रुग्णालयात उपचार चालू असून आम्ही धर्मशाळेत राहतो. तिसऱ्या आठवड्यात त्याचे केस उशीवर गळून पडू लागले. सासूबाईंनी ते एकेक करून वेचले, नव्या खणात बांधून ठेवले आणि तेव्हापासून त्या रोज म्हणतात, "देवाचं देणं दवाखान्यात गेलं, म्हणून देव कोपला." आता पहिला टप्पा संपला आहे आणि डॉक्टर म्हणाले की हाडांच्या मज्जेत, जिथे रक्त तयार होते तिथे, आजाराच्या पेशी दिसत नाहीत. त्या दिवसापासून सासूबाईंचा हट्ट आहे की, सोमवती अमावास्येला त्याला गडावर न्यायचे, भंडारा लावायचा आणि तो बरा झालाच आहे तर पुढची केमो, म्हणजे कर्करोगावरची औषधे, थांबवायची. गावातील एक गृहस्थ काढा देतो म्हणतात. माझे यजमान पहाटे चारला उठून रुग्णालयात नंबर लावतात; पण ते देव मानत नाहीत आणि आईला टाकून बोलतात. मी दोघांच्या मध्ये सापडले आहे. खरे सांगायचे तर मला स्वतःला आता देवापुढे हात जोडावेसे वाटत नाहीत, तरी रविवारचा उपवास सोडण्याची भीती वाटते. परवा मुलाने विचारले, "आई, मी देवाला नीट नमस्कार केला नाही म्हणून मला सुया टोचतात का?" मला उत्तर देता आले नाही. त्याला काय सांगू? आणि आम्ही आशा तरी किती ठेवावी?

उत्तर : प्रिय भगिनी, तुमच्या पत्रात बऱ्याच गोष्टी आहेत, पण त्यांतील एक गोष्ट आजच्या आज निस्तरायला हवी, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. पुढची केमो थांबवू नका. एक तारीखसुद्धा चुकवू नका.

"मज्जेत पेशी दिसत नाहीत" या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्या आणि सासूबाईंनाही समजावून सांगा. या आजाराचे निदान होते तेव्हा लहानग्याच्या शरीरात आजाराच्या पेशी एक लाख कोटींच्या घरात असू शकतात. त्यांतल्या शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या, तरी एक हजार कोटी उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखू येत नाहीत इतकेच. काही मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवतीच्या पाण्यात दडून बसतात, आणि म्हणूनच तुमच्या मुलाला पाठीत इंजेक्शन देतात. या आजाराचा संपूर्ण उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. शेवटचा लांब टप्पा बहुतेक घरीच गोळ्या घेऊन पार पडतो आणि त्या काळात बरीच मुले शाळेतही जातात. तुमचा आत्ता कुठे पहिला महिना संपला आहे.

हे इतके ठासून सांगण्याचे कारण माझ्या कामात मी पाहिलेले आहे. उपचार अर्ध्यावर सोडणारी सगळी कुटुंबे निराश झालेली असतात, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. मी पाहिलेल्यांपैकी कित्येकांनी आनंदाच्या भरात उपचार सोडले. पोर धावू लागते, ताप जातो, गालांवर रंग येतो आणि घरातील मोठी माणसे म्हणतात, नवस फळला. एक वडील माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवून म्हणाले होते, "बाई, ही फाइल ठेवा, आता लागायची नाही." पुडा अजून सुतळीने बांधलेला होता. मी पुष्कळ विनवले, ते हसून निघून गेले. आठ महिन्यांनी ते मुलीला खांद्यावर घेऊन परत आले, तेव्हा तीच फाइल पुन्हा उघडावी लागली. परत आलेला आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो. त्या माणसाची श्रद्धा खोटी होती असे मी कधीच म्हणणार नाही, पण पोरीला अजून औषधाची गरज आहे हे त्यांच्या मनात उतरवण्यात आम्ही सगळेच कमी पडलो.

आता जावळाविषयी. सासूबाईंना चुकीचे ठरवू नका, कारण त्यांचे दुःख खरे आहे. ज्या नातवासाठी त्यांनी नऊ वर्षे पदर पसरला, त्याचे केस त्या उशीवरून वेचत होत्या. नवसाचे शब्द काय होते ते त्यांना शांतपणे विचारा. केस देवाला वाहायचे, असेच ना? मग ते वाया कुठे गेले? ते खणात बांधलेले आहेत. घरातील एखाद्या नातलगाला सोबत घेऊन, गर्दी नसलेल्या साध्या दिवशी, त्यांनी स्वतः गडावर जावे आणि ती पुरचुंडी देवाच्या पायरीशी ठेवावी. मुलाने मात्र जाऊ नये. त्याचे केस पुन्हा येतील. बहुतेक मुलांचे ते शेवटच्या टप्प्यात येऊ लागतात. उपचार संपले, डॉक्टरांनी होकार दिला, की मग वाजतगाजत जावळ काढा. वस्तऱ्याची एक बारीकशी जखमसुद्धा या दिवसांत महागात पडते, हे त्यांना सांगा. घरात सुतक आले तर आपण सण करत नाही, देवाला फूल वाहत नाही आणि त्यामुळे देव कोपला असे कोणी म्हणत नाही. वेळ पुढे ढकलण्याची रीत आपल्या धर्मातच आहे.

सोमवती अमावास्येला मुलाला जेजुरीला नेण्याचा विचारही करू नका. त्या दिवशी पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, लाखोंची गर्दी लोटते आणि मुठीमुठीने भंडारा उधळला जातो. केमोमुळे मुलाचे काउंट पडलेले असतात, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ उरलेल्या नसतात. अशा वेळी गर्दीतील एक खोकला किंवा हवेत उडालेली पूड श्वासावाटे आत जाणे त्याच्या जिवावर बेतू शकते. अंगारा, तीर्थ, पंचामृत यांतले काहीही त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. आजींनी अंगारा स्वतःच्या कपाळाला लावावा आणि मग हात साबणाने धुऊन नातवाला जवळ घ्यावे.

सासूबाईंना एक काम द्या, आणि ते मानाचे काम म्हणून द्या. सोवळे म्हणजे काय हे त्यांच्याइतके घरात कोणाला कळते? मुलाचे सोवळे त्यांच्याकडे सोपवा. बाहेरून आलेल्याने हातपाय धुतल्याशिवाय त्याला शिवायचे नाही. त्याचे ताट-वाटी वेगळी. अन्न ताजे आणि पूर्ण शिजवलेले. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा प्रसाद नाही. पाणी उकळून गार केलेले. (सोवळ्याने आपल्या समाजात माणसांना पुष्कळ दुखावले आहे, म्हणून हा शब्द मी सहसा वापरत नाही, पण इथे तो बाळाच्या रक्षणासाठी आहे.) मी हे काही आज्यांना सांगितले तेव्हा त्या वॉर्डातील परिचारिकांपेक्षा कडक झाल्या. आणखी दोन गोष्टी त्यांच्या हवाली करा. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर रात्र असो वा पहाट, घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय गाठायचे. आणि आसपास कोणाला कांजिण्या आल्या व मुलाचा त्यांच्याशी संबंध आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे.

काढ्याविषयी थोडक्यात लिहिते. तो देऊ नका. काढ्यात काय आहे ते कोणाला ठाऊक नसते; यकृतावर आधीच औषधांचा भार आहे, आणि काही वनस्पती केमोच्या औषधांचे काम बिघडवतात. सासूबाई "झाडपाल्यात गुण असतो" म्हणतील. असतो, आणि तुमच्या मुलाला तो मिळतोही आहे. त्याला शिरेतून देतात त्या औषधांतील व्हिन्क्रिस्टीन हे सदाफुलीपासून काढलेले आहे. तीच अंगणातली गुलाबी सदाफुली, जिची फुले बहुधा त्या रोज देवाला वाहत असतील. मात्र घरी पाला कुटून त्याचा रस देणे अत्यंत घातक आहे. झाडात हे द्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात असते, सोबत इतर विषारी द्रव्ये असतात आणि मोजून काढलेले औषधही फक्त शिरेतूनच द्यावे लागते.

आशा किती ठेवावी, हे तुम्ही विचारले आहे. मी तुम्हाला पोकळ धीर देणार नाही. चांगल्या सोयी असलेल्या देशांत या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगातून दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी आहे. निदानाला होणारा उशीर, संसर्ग आणि मध्येच सोडलेले उपचार ही त्यामागची मोठी कारणे आहेत, आणि यांतले किमान शेवटचे तरी तुमच्या हातात आहे. तुमच्या मुलाचा धोका कमी आहे, मध्यम आहे की जास्त, हे त्याच्या डॉक्टरांना सरळ विचारा. विचारल्याने अपशकुन होत नाही.

ही आशा आली कुठून, तेही सांगते, कारण तिचा एक धागा परळमधून जातो. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत बसून गिरणगावातील गरोदर कामगार बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागल्या. यीस्टच्या अर्काने त्या बायकांचे रक्त सुधारते, हे त्यांनी १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखले गेले. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना दिसले की, हे द्रव्य दिल्यावर ल्युकेमिया उलट वाढतो. म्हणून त्यांनी त्याची वाट अडवणारे औषध वापरून पाहिले. ते औषध बनवणाऱ्या गटाचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील १० मुलांना उतार पडला होता, पण तो काही महिनेच टिकला. त्यापूर्वी या आजारावर काहीच चालत नव्हते. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आज तुमच्या मुलाच्या पाठीत देतात आणि पुढे घरी गोळी म्हणून देतील. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजच्या गोळीत ती मिसळली जाऊ नये, म्हणून तिचा वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा.

ज्या रस्त्यांवरून तुम्ही रोज फाइल घेऊन जाता, तिथल्याच गिरण्यांतील बायकांच्या रक्ताच्या थेंबांपासून हे सारे सुरू झाले. मला स्वतःला आशा म्हटले की ही साखळी आठवते.

तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या की, पहाटे चारला रांगेत उभे राहणाऱ्या माणसाला मी श्रद्धाहीन मानत नाही. पण आईला टाकून बोलल्याने ती त्यांच्यापासून लपवून काढा देऊ लागेल, आणि ती भीती मोठी आहे. गावजेवणाचा खर्चही सध्या राहू द्या. धर्मशाळेत राहता आहात म्हणून सांगते, गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधणारे गाडगेबाबा कर्ज काढून सण-नवस करू नका म्हणून गावोगाव सांगत हिंडले. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, आणि उपचारासाठी रेल्वेने प्रवास करताना मिळणाऱ्या सवलतीचे प्रमाणपत्र मागून घ्या.

उपवास सोडा, ताई. स्टिरॉइडच्या दिवसांत ही मुले रात्री दोनला उठून वरणभात मागतात, चिडतात, रडतात. त्या वेळी कुकर लावणारी बाई उपाशी असून चालत नाही. हात जोडावेसे वाटत नसतील तर जोडू नका. ज्या देवाला तुम्ही इतकी वर्षे मानलेत, त्याला तुमची आजची अवस्था समजत नसेल असे मला वाटत नाही.

आणि मुलाला उत्तर द्या. आजच द्या, त्याच्या डोळ्यांत बघून द्या : "नाही रे राजा. तू काहीच चुकीचं केलं नाहीस. तुझ्या रक्तातल्या काही पेशी आपोआप बिघडल्या, त्यात कोणाचीच चूक नाही. सुया शिक्षा म्हणून टोचत नाहीत, त्यातून औषध आत जातं. दुखलं तर रडायचं, मी जवळच आहे." हे एकदा सांगून भागत नाही, तो पुन्हा विचारेल, पुन्हा सांगा. "देव कोपला" हे शब्द त्याच्या कानावर पडणार नाहीत एवढे वचन सासूबाईंकडून घ्या. त्याच्या प्रश्नाचे मूळ बहुधा तिथेच आहे.

प्रश्न : महोदया, मी ७१ वर्षांचा वारकरी आहे. माझी नात सात वर्षांची असून तिचा आजार दुसऱ्यांदा उलटला आहे. डॉक्टरांनी सांगितले की आता बरे करणारा उपचार उरलेला नाही, वेदना कमी करणारे उपचार घ्या. मुलगा जमीन विकून दुसरीकडे न्यायचे म्हणतो. मी तीस वर्षे वारी केली, आता तुळशीची माळ काढून ठेवावीशी वाटते. नातीसमोर हरिपाठ म्हणू की नको?

उत्तर : आदरणीय आजोबा, तुमचे पत्र वाचून मी बराच वेळ लिहू शकले नाही.

आधी व्यवहाराचे. दुसऱ्या मोठ्या केंद्रातील बालकर्करोगतज्ज्ञांचे मत जरूर घ्या. त्यासाठी नातीला फरफटत नेण्याची गरज नसते, पहिल्यांदा फाइल आणि तपासण्या नेल्या तरी चालते. तेथेही तेच सांगितले, तर जमीन विकण्यापूर्वी मुलाने एकच प्रश्न विचारावा : "या उपचाराने ती बरी होईल का, की फक्त आणखी सुया टोचल्या जातील?" डॉक्टर उत्तर टाळत असतील तर तेही उत्तरच समजा.

वेदनाशमन म्हणजे हात टेकणे नव्हे. मॉर्फीनचे नाव ऐकून लोक घाबरतात, पण जाणकाराच्या देखरेखीखाली ते मुलांना सुरक्षितपणे देता येते, गोळी किंवा पातळ औषध म्हणून घरीही देता येते, आणि त्याने मूल झोपू शकते, खेळू शकते, जेवू शकते. त्या पथकाची भेट लवकर घ्या, वेदना वाढण्याची वाट पाहू नका. रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, तो क्रमांक घेऊन ठेवा.

हरिपाठ तिला विचारून म्हणा. तुमच्या मांडीवर बसून ती पूर्वी ऐकत असेल तर तो आवाज तिच्यासाठी घर आहे. तो अचानक थांबला तर काहीतरी बिघडले आहे हे तिला न सांगताच कळेल. इतक्या लहान मुलांना आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ कळत असते. तिने काही विचारले तर खोटे सांगू नका. तिला काय वाटते ते आधी ऐका. तिला काय हवे आहे, हेही विचारा. एका मुलीने मला शेवटच्या दिवसांत सांगितले होते की तिला शेळीचे नवे करडू बघायचे आहे. तिला घरी नेले, खाटेजवळ करडू आणून सोडले; ते तिची चादर चावू लागले आणि ती हसली. तिच्या आजीने ती चावलेली चादर अजून ठेवली आहे.

माळेविषयी मी कोण सांगणार? इतकेच म्हणते की, विठ्ठलाशी कडाकडा भांडण्याचा हक्क संतांनीही बजावला आहे. माळ गळ्यात ठेवूनही त्याच्यावर रागावता येते.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या वर्गातील एका मुलावर केमोथेरपी सुरू आहे. मुले रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतात. सर्वांनी मिळून त्याला भेटायला रुग्णालयात जावे असे पालकांचे म्हणणे आहे. न्यावे का?

उत्तर : नेऊ नका, सर्दी-खोकल्याची तीस मुले एकदम त्याच्या खाटेभोवती उभी राहणे योग्य नाही. प्रार्थना चालू ठेवा आणि ती त्याला ऐकवा. मोबाइलवर प्रत्येकाचा आवाज मुद्रित करून पाठवा, त्यात वर्गात काय शिकवले, डबा कोणाचा सांडला, असे सारे असू द्या. त्याचा बाक रिकामा ठेवा, पण त्यावर दुसऱ्या कोणाचे दप्तर ठेवू देऊ नका. तो टोपी घालून परत येईल तेव्हा कोणी डोक्याला हात लावायचा नाही आणि "हा रोग लागतो का" असे त्याच्यासमोर विचारायचे नाही, हे आधीच समजावून सांगा. कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

भेटीसाठी उत्सुक असलेल्या पालकांना मात्र काम आहे. केमोच्या दिवसांत मुलाच्या प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातील पेशी, उतरतात आणि बाहेरून द्याव्या लागतात. त्या साधारण पाच दिवसांपेक्षा जास्त साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून दाते सतत लागतात, आणि बाहेरगावाहून आलेल्या आईवडिलांना अनोळखी शहरात दाता शोधत फिरावे लागते. नुसत्या प्लेटलेट यंत्राद्वारे देण्यासाठी दात्याला तासाभराहून थोडा अधिक वेळ बसावे लागते. वर्गातील पालकांची रक्तगटांसह यादी करा, त्यांचे दूरध्वनी क्रमांक त्या मुलाच्या वडिलांकडे द्या, आणि कोणाची पाळी कोणत्या आठवड्यात हे तुम्हीच ठरवून टाका, म्हणजे त्यांना दर वेळी कोणापुढे हात पसरावे लागणार नाहीत.